दातांच्या शस्त्रक्रिया : भीती कशाची बाळगावी?

दाढदुखीचा रुग्ण दवाखान्याच्या पायरीवरच ओळखू येतो. एका हाताने गाल धरलेला, डोक्याला टॉवेल नाहीतर पदर घट्ट गुंडाळलेला, आणि चेहरा रात्रभर झोप न झाल्याचा. स्टुलावर बसता बसता त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते, "डॉक्टर, काय ती गोळी द्या, पण दाढ काढायला सांगू नका."

मी दातांचा डॉक्टर नाही. साधा एमबीबीएस आहे. पण तालुक्याच्या गावात दाढदुखीचा रुग्ण दंतवैद्याकडे जाण्याआधी आमच्याकडेच येतो. आमच्याकडे पक्कड नसते, हे त्याला पक्के ठाऊक असते! आम्हीही वेदनाशामक गोळी देतो, सोबत तीन दिवसांचे प्रतिजैविक देतो आणि जाता जाता "दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या" असे सांगतो. रुग्ण मान डोलावतो. दोन दिवसांत बरे वाटते. विषय संपतो.

विषय खरोखर संपतो का, हे मला एका रुग्णाने शिकवले. आजचा लेख त्याच्यामुळेच लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्याच गावचा, चाळिशीतला, उसाची शेती करणारा गृहस्थ. उजवीकडची खालची दाढ किडलेली. दिवाळीनंतर तो पहिल्यांदा आला. मी गोळ्या दिल्या. महिन्याने पुन्हा आला, पुन्हा दिल्या. "दादा, दाढ दाखवून घ्या," असे म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, ऊस एकदा कारखान्याला जाऊ द्या, मग बघू." तिसऱ्यांदा आला तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी जुना कागद पाहिला आणि तीच औषधे पुन्हा लिहून दिली.

चौथ्यांदा तो रात्री दहा वाजता आला, दोघांच्या आधाराने. हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी सुजून लाकडासारखा कडक झालेला. तोंड मिटत नव्हते, लाळ गळत होती, जीभ वर उचलली गेलेली. तोंडात मोठा घास धरून बोलावे तसा आवाज. आडवे केले की श्वास कोंडत होता, म्हणून तो पुढे वाकून बसला होता. मी शिरेतून औषध सुरू केले, गाडी बोलावली आणि त्याला बसल्या अवस्थेतच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे त्या रात्री श्वासासाठी त्याच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागली. जबड्याखाली चिरा देऊन पू काढला. रक्तातली साखरही खूप वाढलेली निघाली. त्याला मधुमेह असल्याचे त्याला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. दाढदुखीला साखर कशाला तपासायची, असे मला तेव्हा वाटले होते.

तो वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या पत्नीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून माझ्यापुढे धरले आणि विचारले, "डाक्टर, नुसती दाढच दुखत हुती न्हवं?" त्या कागदांत माझ्या हस्ताक्षरातल्या तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर तीच औषधे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरेच समजून घ्यायचे होते. मला मात्र त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज देतो.

गोळीने दाढ बरी का होत नाही?

दात म्हणजे काही नुसता हाडाचा तुकडा नव्हे. वरचे कवच कठीण असते, पण आत एक पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. आपण त्याला सोप्या भाषेत 'दाताची नस' म्हणतो. कीड कवचातच असते तोवर दुखत नाही. ती थोडी खोल गेली की गार-गोड झोंबते. नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडवणारा ठणका सुरू होतो.

त्यानंतर एक फसवी गोष्ट घडते. नस मरते आणि ठणका आपोआप थांबतो. रुग्णाला वाटते, दाढ बरी झाली. प्रत्यक्षात आत मेलेल्या नसेत जंतूंचे घर झालेले असते. मुळाच्या टोकातून ते जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साठू लागतो.

आता मुख्य मुद्दा. पोटात घेतलेले औषध रक्तातून पसरते. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही. जिथे रक्त जात नाही तिथे गोळी पोचणार कशी? प्रतिजैविकाने बाहेर पसरलेली सूज ओसरते, वेदनाशामकाने कळ कमी होते, पण आतले घर जसेच्या तसे राहते. म्हणून महिन्याने दुखणे परत येते. लवंगेच्या तेलाचेही तसेच आहे. त्याने कळ थांबते हे खरे, पण कीड थांबत नाही.

माझ्या रुग्णाच्या बाबतीत हा पू जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या मोकळ्या जागेत उतरला. खालच्या मागच्या दाढांची मुळे त्या जागेच्या अगदी लगत असतात. या आजाराचे वर्णन जर्मनीतील लुडविग नावाच्या डॉक्टरांनी १८३६ साली केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्यापूर्वी या आजारात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज बहुतेक वाचतात, पण वेळेवर पोचले तर.

थोडक्यात, पू आणि किडीचा उगम काढून टाकणे हाच खरा उपचार. तो करण्याच्या निरनिराळ्या पद्धती म्हणजेच दातांच्या शस्त्रक्रिया. त्या एकेक करून पाहू.

साधा दात काढणे

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी शस्त्रक्रिया. पुष्कळांना वाटते की डॉक्टर पक्कड लावून जोराने ओढतात. तसे नाही. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. जागेवरची भूल देऊन दंतवैद्य आधी हे तंतू सैल करतात, दात हलवून खाचेला किंचित रुंद करतात आणि मग दात उचलून घेतात. भूल दिल्यावर कळ येत नाही, मात्र दाब जाणवतो आणि आवाज ऐकू येतो. हे आधी माहीत असले की माणूस घाबरत नाही.

भुलेची भीती बाळगणाऱ्यांसाठी एक माहिती. जगाला भूल दिली ती दंतवैद्यांनीच. अमेरिकेतील हॉरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ साली हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १८४६ साली विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल देऊन दाखवली आणि तिथून शस्त्रक्रियेचे युगच बदलले. आज दातासाठी बहुधा जे इंजेक्शन वापरतात ते लिग्नोकेन. ते स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले आणि १९४८ पासून बाजारात आले. आपल्या आजोबांच्या तोंडून दाढ काढल्याच्या ज्या भयंकर हकिगती आपण ऐकल्या, त्यांतल्या बऱ्याच भुलेविनाच्या होत्या. भीती मात्र वारसाहक्काने आपल्याकडे आली!

अक्कलदाढेचे ऑपरेशन

माणसाला ३२ दात असतात, त्यांतल्या ४ अक्कलदाढा. त्या साधारण १७ ते २५ या वयात येतात. तोपर्यंत जबड्यातली जागा संपलेली असते. मग ही दाढ आडवी-तिरपी होते, अर्धी हिरडीखाली राहते. त्या हिरडीच्या कप्प्यात अन्न अडकून सूज येते, तोंड उघडत नाही, गिळताना दुखते.

अशी दाढ नुसती उचलता येत नाही. हिरडीला छोटा छेद देऊन ती बाजूला करतात, थोडे हाड कोरतात, गरज पडल्यास दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते एकेक काढतात आणि टाके घालतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारा मज्जातंतू जातो. तो दाढेच्या मुळाच्या किती जवळ आहे, हे पाहण्यासाठी आधी एक्स-रे काढतात. त्या खर्चाला कुरकुर करू नये. दोन-तीन दिवस गाल सुजतो, तो ओसरतो. टाके साधारण आठवड्याने काढतात. प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे नाही. सरळ आलेली, स्वच्छ राहणारी दाढ खुशाल राहू द्यावी.

रूट कॅनाल

दाढ काढण्याआधी "ही वाचेल का?" असा प्रश्न दंतवैद्याला जरूर विचारा. दाढेचे कवच बऱ्यापैकी शिल्लक असेल तर रूट कॅनाल करता येते. दाढेला वरून छिद्र करून आतली सडलेली नस काढतात, मुळांच्या बारीक नळ्या साफ करतात आणि त्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात. मग वर टोपी बसवतात. एक ते तीन खेपा लागतात. टोपीचे पैसे वाचवू नका. नस काढलेली दाढ ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी सुपारीने तिचे दोन तुकडे होतात.

कधी कधी इतके करूनही मुळाच्या टोकाशी दुखणे राहते. मग हिरडीच्या बाजूने छोटा छेद घेऊन ते टोकच कापून काढण्याची शस्त्रक्रिया करतात.

हिरड्यांची शस्त्रक्रिया

पस्तिशी-चाळिशीनंतर दात जातात ते किडीमुळेच असे नाही, हिरड्यांच्या रोगानेही जातात. दातांच्या मुळाशी कीटण साचते, हिरडी सुटते, हाड झिजते आणि चांगला दिसणारा दात हलू लागतो. सुरुवातीला नुसती सफाई पुरते. "सफाईने दात हलतात" हा गैरसमज आहे. दात आधीच हललेले असतात, पण कीटणाने ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात. रोग खोल गेला असेल तर हिरडी थोडी उघडून आतून सफाई करतात आणि टाके घालतात. मधुमेहींना हा रोग अधिक होतो, आणि हिरड्यांत पू असला की साखरही लवकर आटोक्यात येत नाही.

दात बसवण्याची शस्त्रक्रिया

स्वीडनमधील ब्रोनेमार्क या संशोधकांना टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो असे आढळले, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्याचे स्क्रू बसवले. यालाच इम्प्लांट म्हणतात. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग त्यावर दात बसवतात. उपचार चांगला, पण खर्चिक. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी पूर्वीचे पूल आणि कवळी आजही उत्तम काम देतात.

तुकडा काढून तपासणे

ही सर्वांत छोटी, पण काही वेळा जीव वाचवणारी शस्त्रक्रिया. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर त्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही समजूत निराधार आहे. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू, सुपारी आणि मिश्री घरोघरी आहेच. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, ते पाहा. जात नसतील तर आजच दाखवा.

"वरची दाढ काढली की डोळे जातात"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. दृष्टीची नस दुसरी, दातांची पाचवी. दोघींचे रस्ते वेगळे, कामे वेगळी. मग हा समज आला कुठून? चाळिशीच्या सुमारास दातही पडू लागतात आणि जवळचे वाचायला चष्माही लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वयात आल्या, म्हणून एकीचे खापर दुसरीवर फुटले.

धुरी देऊन दाढेतला किडा काढण्याचेही तसेच. दाढेत अळी नसतेच. धुरीनंतर भांड्यात दिसतो तो बियांचा अंकुर. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसून दात काढणाऱ्यांकडे तर चुकूनही जाऊ नका. न उकळलेल्या हत्यारांतून कावीळ ब आणि क, तसेच एड्सचे विषाणू पसरू शकतात.

खुर्चीवर बसण्यापूर्वी काय सांगाल?

मधुमेह, रक्तदाब, दमा, झडपेचा किंवा इतर हृदयविकार, फिट्स, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली रिॲक्शन, थोड्याशा जखमेने खूप रक्त जाण्याची सवय, हे सगळे न विचारता सांगा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा. मात्र ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दात काढताना येणाऱ्या रक्तापेक्षा गोळी बंद केल्याने येणारा झटका महागात पडतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कॅन्सरसाठी इंजेक्शने घेतली असतील, गळ्याला वीज दिली असेल, तर ते आवर्जून सांगा. गरोदर बाईने दिवस गेल्याचे सांगावे. चौथा ते सहावा महिना या उपचारांना सोयीचा असतो, पण पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नये.

जागेवरची भूल घ्यायची असेल तर उपाशी जाऊ नका. थोडे जेवून, नेहमीची औषधे घेऊन जा. उपाशीपोटी भीतीने चक्कर येते आणि नाव इंजेक्शनचे होते!

दात काढल्यावर

कापसाचा किंवा गॉजचा बोळा पाऊण तास दाबून धरा. खाचेत रक्ताची गुठळी तयार होते, तेच निसर्गाचे मलम. म्हणून पहिले २४ तास चूळ भरू नका, सारखे थुंकू नका, बोट किंवा जीभ लावू नका. गरम चहाऐवजी गार दूध, ताक-भात, मऊ खिचडी घ्या. बाहेरून बर्फाचा शेक चालेल, गरम शेक नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ भरा. बिडी, तंबाखू, मिश्री निदान आठवडाभर बंद. नाहीतर गुठळी निसटते आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा भयंकर ठणका लागतो. तसे झाल्यास घरी न बसता त्याच डॉक्टरांकडे जा. पुन्हा रक्त आले तर स्वच्छ बोळा अर्धा तास दाबा. तरी थांबले नाही तर लगेच निघा.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. दाढदुखीबरोबर पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नका : हनुवटीखाली किंवा मानेवर सूज, तोंड न उघडणे, गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज बदलणे, डोळ्याभोवती सूज, थंडी वाजून ताप, श्वासाला त्रास. अशा रुग्णाला आडवे झोपवू नका. बसवूनच मोठ्या रुग्णालयात न्या.

माझा तो रुग्ण अकरा दिवसांनी घरी आला. ऊस शेतातच वाळत राहिला होता. पुढे ती दाढ काढायला दंतवैद्याला वीस मिनिटेही लागली नाहीत. मला त्याने एकच विचारले, "एवढंच होतं, तर मग मी भ्यालो कशाला?" मी म्हणालो, "दादा, तुम्ही भ्यालात, आणि मी तुम्हाला भिऊ दिले. चूक दोघांची."

त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. दाढदुखीसाठी गोळ्या लिहिल्या की चिठ्ठीच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहितो, "दाढ अजून आतच आहे." शेजारी दंतवैद्याकडे जाण्याची तारीख घालतो आणि तिशीपुढच्या रुग्णाची साखर तपासतो. तोच रुग्ण दुसऱ्यांदा गोळ्या मागायला आला तर गोळ्या देण्याआधी त्याच्यासमोरच दंतवैद्याला फोन लावतो. काही जण रागावतात. रागावू देत.

वाचकहो, आज हा लेख वाचताना तुमची जीभ नकळत एखाद्या दुखऱ्या दाढेकडे गेली असेल, तर याच आठवड्यात ती दाखवून घ्या. आज ते काम वीस मिनिटांचे आहे.